दरीतली हाक

सातपुड्याच्या राष्ट्रीय उद्यानात लालसर वालुकाश्माची खोल दरी आहे. मारलेली हाक ती परत देते. लग्नानंतर आलो तेव्हा ह्यांनी माझ्या नावाने हाक मारली आणि म्हणाले, "आता तू." नवऱ्याचं नाव घेईन ती मी कसली! ती बावळट नवी नवरी ओरडली, "अहो!" कुठल्याही बाईचा नवरा वळून बघेल अशी हाक.

ह्यांना जाऊन वर्ष झालं. आज खास नाव घ्यायलाच आले, पदर खोचून कठड्याशी उभी राहिले. तेवढ्यात नातीने दंड धरला. "आजी, ओरडू नकोस गं! खाली सांबरीण पिल्लाला घेऊन पाण्यावर आलीय."

माणूस असताना नाव घ्यायचं नाही आणि गेल्यावर हाक मारायची सोय नाही. उखाण्याशिवाय पहिल्यांदाच ह्यांचं नाव घेतलं, पण इतकं हळू, की खाली सांबरिणीचा कानही हलला नाही.