एक्केचाळीस दिवसांचा खुलासा

पौडच्या बाजारात मिक्सर-कुकर दुरुस्तीचं एक दुकान आहे. त्याचे मालक नबीलाल मुलाणी, आणि हसिना त्यांची सून. तिचा नवरा, म्हणजे नबीलालचा एकुलता मुलगा फिरोज, पिरंगुटच्या एका कारखान्यात ट्रकमधून लोखंडी पत्रे उतरवत होता. चळत घसरली, अंगावर आली आणि तो जागच्या जागी गेला. बावीस सालच्या जूनची नऊ तारीख होती ती. कामाला लागून अकरा दिवस झाले होते. कार्ड बनलं नव्हतं, हजेरीपटावर नाव चढलं नव्हतं. मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारानं ते बरोबर हेरलं आणि पोलिसांत जबाब दिला, की हा इसम आमचा कामगारच नाही, कुणा मित्राला भेटायला आला होता आणि नको तिथं घुसला. म्हणजे माणूस मेला तो मेला, वर घुसखोर ठरला.

हसिनाच्या काळजात हे जे रुतलं ते निघालंच नाही. भरपाई मिळावी असं तिलाही वाटायचं, का नाही वाटणार, पदरात तमन्ना होती, सहा वर्षांची. पण त्याहून तिला एक कागद हवा होता. सरकारी शिक्क्याचा, ज्यात लिहिलेलं असेल की फिरोज त्या दिवशी कामावर होता. शाळेत पोरींनी तमन्नाला विचारलंच होतं, तुझे पप्पा तिथं चोरी करायला गेले होते का म्हणून. पोरं कुठं मनानं बोलतात, घरी ऐकतात तेच बोलतात.

सव्वाचार महिने हसिना इद्दतीत, नवरा गेल्यावर घरातच काढायच्या मुदतीत, बसली. बाहेर पडली तशी एका वकिलाकडे गेली. त्यानं कागद मागितले. कागद कुठले? दुसऱ्यानं साक्षीदार आणायला सांगितला. फिरोजबरोबरचा वाल्मीक पत्रे उचलायला होता खरा, पण त्याची रोजी त्याच ठेकेदाराकडे, त्यानं मान खाली घातली. ठेकेदार मात्र गोड बोलायचा. वहिनी, कोर्टकचेरी कशाला, मी आहे ना, असं म्हणून त्यानं सव्वा वर्ष तिला नुसतं झुलवलं.

मग तिनं भुकूमजवळच्या एका कॉलेजाबाहेर बोर्ड पाहिला. पॅरालीगलचा एक वर्षाचा कोर्स, शनिवार-रविवार वर्ग, बारावी पास चालेल. वकील होता येत नाही, पण वकिलाच्या हाताखालचं सगळं काम शिकवतात, अर्ज लिहिणं, कागद लावणं, दाखल करणं. हसिनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुणाच्या पाया पडायला नको, आपणच शिकायचं, सर्टिफिकेट हातात आलं की आपणच आपला कागद कोर्टात ठेवायचा. अहो, अंगठेबहाद्दर माणूससुद्धा असा अर्ज करू शकतो, त्याला सर्टिफिकेट लागत नाही. पण हे तिला सांगणार कोण? तिनं विचारलंच नाही कुणाला. शिकल्याशिवाय कोर्टाची पायरी चढायची नसते, असं तिनं मनाशी धरलं आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

नबीलालनी नाव घालायला मागेपुढे पाहिलं नाही. दर शनिवारी दुकान बंद ठेवून ते तिला स्कूटरवर भुकूमला सोडायचे आणि वर्ग सुटेपर्यंत कॉलेजच्या फाटकापाशी बसून राहायचे. भाऊबंद कुजबुजले, विधवा सुनेला कुठं कॉलेजात घालतोस. म्हाताऱ्यानं त्यांना दारातूनच वाटेला लावलं. पुस्तकं आणली, तमन्नाला सांभाळलं, परीक्षेच्या दिवसांत पोळ्यासुद्धा लाटल्या, वेड्यावाकड्या का होईना.

आणि हसिना शिकली म्हणजे अशी शिकली, की विचारू नका. राज्यघटना, फौजदारी कायदा, कौटुंबिक कायदा, मसुदालेखन. चोवीसच्या जूनमध्ये पहिल्या सहामाहीची परीक्षा झाली, त्यात वर्गात पहिली आली. एक जुलैला फौजदारी कायद्यातल्या कलमांचे आकडे सरकारनं बदलले, तर पाठ केलेली कलमं हिनं पंधरा दिवसांत नव्यानं पाठ केली. मसुदालेखनाच्या वहीत फिरोजचा अर्जही तिनं लिहून ठेवला होता, पाच वेळा खोडून सहाव्यांदा सुवाच्य.

वीस जुलैच्या शनिवारी ऋतिका मॅडमनी दुसऱ्या सहामाहीचा पहिला विषय काढला, कामगार कायदे. मॅडम स्वतः वकील, बोलणं स्पष्ट. कामावर मृत्यू झाला तर भरपाईचा अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. हसिनाच्या पायाखालची जमीनच सरकली. तिनं वहीच्या कोपऱ्यात दिवस मोजले. एक्केचाळीस. एक्केचाळीस दिवस उलटून गेले होते, आणि त्यातले निम्मे तिनं कायद्याचाच अभ्यास करण्यात घातले होते. नऊ जूनला, मुदत संपली त्या दिवशी, ती घटस्फोटाची कारणं पाठ करत होती.

वर्ग सुटल्यावर तिनं मॅडमना गाठलं. उशीर माफ होतो, मॅडम म्हणाल्या, पण सबळ कारण लागतं, आणि एकेका दिवसाचा खुलासा द्यावा लागतो. हसिना म्हणाली, मी शिकत होते. मॅडमनी तिला बाजूला घेतलं.

"हसिना, हेच लिहिलंस तर समोरचा वकील म्हणेल, बाई कायदा शिकत होती, तिला मुदत ठाऊक नव्हती हे कोण मानेल? तुझा अभ्यासच तुझ्या मुळावर येईल."

घरी येऊन तिनं अन्नाला हात लावला नाही. आजारी होते म्हणावं, तर दवाखान्याचा कागद नाही. ठेकेदारानं झुलवलं म्हणावं, तर तोंडच्या बोलाला पुरावा काय? दोन दिवस ती वही उघडून बसली आणि वही तशीच मिटली. आपल्याच हातानं आपण फिरोजला दुसऱ्यांदा मारलं, असं तिच्या मनानं घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात नबीलालनी कुकरचं झाकण खाली ठेवलं आणि म्हणाले,

"माझं नाव घाल. सासऱ्यानं घराबाहेर पडू दिलं न्हाई म्हणून लिही. त्यानं डांबून ठेवली व्हती म्हण. मी बी तसं लिहून देतो."

"अब्बा, कायपण काय बोलताय. कोण मानंल?"

"सगळे मानतील, पोरी. आमच्या घरातलं असं काय बी लगेच मानत्यात लोक."

हसिना ढसाढसा रडली. ते खरं होतं म्हणूनच रडली. खोट्या प्रतिज्ञापत्राचं कलम तिला तोंडपाठ होतं, जुन्यातलं एकशे त्र्याण्णव, नव्यातलं दोनशे एकोणतीस. शपथेवर खोटं लिहायचं, आणि तेही या माणसाबद्दल. पण दुसरी वाट होती कुठं? तिनं लिहिलं. डांबून ठेवलेली बाई कॉलेजात कशी जाईल, म्हणून पुढच्या शनिवारी कॉलेजातून नाव काढलं. ऋतिका मॅडमनी कारण विचारलं नाही, नुसती तिच्या पाठीवर थाप मारली. अर्ज वेगळ्याच एका वकिलामार्फत पुण्याच्या कामगार न्यायालयात दाखल झाला.

सुनावणीला हिवाळा उजाडला. समोरच्या वकिलानं बरीच आदळआपट केली, पण कॉलेजाचं त्याच्या गावीही नव्हतं. न्यायाधीशांनी नबीलालना उभं केलं. प्रतिज्ञापत्रावरची सही तुमचीच का, विचारलं. त्यांनी होय म्हटलं.

"बाबा, नवरा गेलेल्या मुलीला दोन वर्षं घरात कोंडून ठेवलंत? कुठल्या जमान्यात राहता तुम्ही? तिला शिकवावं, चार गोष्टी कळू द्याव्यात, असं नाही वाटलं?"

सगळं दालन त्यांच्याकडे बघत होतं. मागच्या बाकावरची एक बाई तर चक्क च्च च्च करत होती. हसिनाला वाटलं, ओरडून सांगावं, यांच्याएवढं मला कुणी शिकवलं नाही हो. तिनं ओठ दातांखाली धरले. नबीलालनी हात जोडले.

"चुकलो साहेब," ते म्हणाले.

विलंब माफ झाला. आदेशाची नक्कल मिळायला पंधरा दिवस लागले. ती घेऊन दोघं शिवाजीनगरच्या बसथांब्यावर बसली, पौडच्या गाडीची वाट बघत. हसिनानं चार पानं दोनदा वाचली. सासऱ्याच्या जुनाट विचारांमुळे अर्जदार महिलेस न्यायापासून वंचित राहावे लागले, असं त्यात होतं. नबीलालचं नाव सात ठिकाणी होतं, बापाच्या नावासकट, गावासकट. खालच्या बाजूला न्यायालयाचा गोल शिक्का होता.

नबीलालनी चष्मा घरी ठेवला होता. त्यांनी कागदावर बोट टेकवलं.

"त्यात लिवलंय का, फिरोज कामावर व्हता म्हणून?"

"न्हाई अब्बा," हसिना म्हणाली. "ते आता कुटं सुरू व्हईल."