पुरचुंडीतली माती

गंगाधरमामांवर अन्याय झाला तो १९३८ साली, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, त्यांच्याच देवळाच्या ओसरीवर. हे आधी सांगतो, कारण मागच्या महिन्यात ते गेले तेव्हा भेटायला आलेला जो तो म्हणाला, 'भला माणूस होता.' भला होताच. पण लुटलेला होता, हे कुणी बोललं नाही.

मामा, माझ्या आईचे भाऊ, कळमनुरीजवळ कयाधूकाठच्या महादेवाचे गुरव. पूर ओसरला की दरडीतून दगड झालेली हाडं उघडी पडत, एवढाली, की लोक त्यांना राक्षसाची म्हणत आणि देवाला आणून वाहत. रीत अशी, की हाडासोबत त्याच्या जागेची मूठभर माती आणायची. नाहीतर राक्षस घर हुडकत गावात शिरतो. मामांचा राक्षसावर विश्वास नव्हता, रीतीवर होता. प्रत्येक हाडाला ते त्या मातीची पुरचुंडी बांधत. त्याआधी हाडाच्या भोकांतली माती आणि आणलेली माती तळहातावर ओली करून शेजारी शेजारी बघत. रंग जुळला, शिंपल्यांची तीच बारीक चुरी दिसली, तरच जागा खरी. मग हाडाला जीभ लावत!

"गुरवबुवा, हाड चाटून राहिले व्हय?" शेजारचे किसनराव ओरडत.

"जुनं आसलं तर जिभेला चिकटतं. तुमी आणलेलं न्हाई चिकटत. गेल्या साली मेलेली म्हैस हाय ही, बराबर तुमच्याच गोठ्यातली."

उन्हाळ्यात त्या ओसरीवर माझा डोळा लागायचा... स्वप्नात नदी रुंद होत जायची, गवत छपराला टेकायचं, आणि ती हाडं ज्यांची, ते देवळाहून उंच हत्ती सावकाश पाण्यात उतरायचे. जाग आली की मामा म्हणायचे, "हाड सांगतं कोण व्हतं. माती सांगते कुठं व्हतं, कवा व्हतं. दोन्ही पायजे, लेकरा."

त्या दुपारी शहरच्या संग्रहालयाचे साहेब आले. हाडं पसंत पडली. त्यांच्या शिपायानं पुरचुंड्या सोडून माती ओसरीवर ओतली आणि हाडं घासून चकचकीत केली. मामा आडवे आले. "साहेब, धूळ न्हाई ती. तिच्याबिगर ह्ये मुकं होईल."

साहेब हसले. "पुजारीजी, अजायबघर में मिट्टी नहीं रखते." आणि हाडं घेऊन गेले.

पुढं मी ते संग्रहालय पाहिलं. काचेत आमच्या देवळातल्या हाडांपैकी एक जबडा, खाली चिठ्ठी : ठिकाण अज्ञात. तिथला विद्वान म्हणाला, ठिकाण नाही म्हणजे अभ्यासाला निरुपयोगी, शोभेला ठीक. अज्ञात? अहो, ठिकाण तुम्हीच झाडून टाकलंत!

देवळातली माती पायदळी नको म्हणून मामींनी ती गोळा करून तुळशीवृंदावनात घातली होती. शेवटच्या आजारात मामा तिथंच बसत. चिमूटभर माती तळहातावर ओली करत, उन्हाकडे धरत. "ही वळणावरची... न्हाई, डोहाकडची आसंल..." आणि हात पुसत. सगळ्या काठांची माती तिथं एक झाली आहे. तुळस मात्र डवरली आहे.

तुमच्या देव्हाऱ्यात, कपाटात असं हाड असेल. धुऊ नका. शेंदूर फासू नका. ते आणणारं माणूस घरात अजून बोलतंय, तर आज त्याच्यापाशी बसा. कुठल्या दरडीतलं, विचारा. आणि त्याला घेऊन तिथली मूठभर माती आणायला निघा.