नाणेफेकीवरची रजा

आमचा अमेरिकन मॅनेजर जेवणाच्या सुट्टीत साइटच्या केबिनमध्ये त्यांच्या फुटबॉलच्या जुन्या मॅचेस लावायचा. कतारमधला वर्ल्ड कप दाराशी आलेला, अल खोरकडचं आमचं काम रखडलेलं आणि या गृहस्थाला चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचं वेड. तिथेच मला तो नियम कळला. मॅच बरोबरीत सुटली की जादा वेळ आणि त्यासाठी नाणेफेक. जिंकणारा चेंडू घेणार आणि पहिल्याच चढाईत त्याने तो मैदानाच्या टोकापार नेला की खलास! दुसऱ्याला चढाईची संधीच नाही. “अहो, क्रिकेटमध्ये टॉस हरलेलाही बॅटिंग करतो,” हे मी त्याला इंग्रजीत तावातावाने ऐकवायचो. “मग बचाव नीट करायचा,” एवढंच तो म्हणायचा.

त्या हिवाळ्यात बायको पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी होती. बाळ होईल तेव्हा मला तिथे असायचं होतं, बस्स. पण डोहाळजेवण होईपर्यंत बाहेर वाच्यता नको, असं आईने बजावलेलं. म्हणून मी रजेचा अर्ज उशिरा केला आणि नेमका त्याच दिवशी माझ्या केरळी सहकाऱ्याचाही अर्ज गेला. त्याच्या भावाचं लग्न होतं. प्लॅनिंगला आम्ही दोघंच, त्यामुळे एक गेला की दुसऱ्याने थांबायचं.

मॅनेजरला तर आनंदच झाला. खिशातून कतारी नाणं काढून म्हणाला, तलवारी असलेली बाजू म्हणजे हेड. मी हेड मागितलं. तलवारी खाली गेल्या.

“लग्न त्याच्या भावाचं आहे, मूल माझं आहे!” मी ओरडलो.

“टॉसला तूही हो म्हणालास,” मॅनेजर म्हणाला. म्हणालो होतो खरा. नाही म्हणायची सोय होती कुठे?

“भाई, बुरा मत मानना,” सहकारी म्हणाला. मला वाईट वाटलं नाही, चीड आली. चार दिवस उशिरा गेला असता तर त्याचं काय बिघडलं असतं?

“तो परत येईपर्यंत बाळाला थांबवून धरते,” बायको फोनवर म्हणाली. हसत म्हणाली, पण आवाज रडवेला होता. बाळ थांबलं नाही. कंपनीच्या बसमधून अल मुंतझाला घरी परतताना सासऱ्यांचा व्हिडिओ आला. त्यात निम्मा वेळ त्यांचा अंगठा आणि हॉस्पिटलची फरशी दिसत होती. मुलगी फक्त ऐकू आली. बस माणसांनी भरलेली होती, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

सहकारी परतल्यावर मी नाशिकला पोचलो, तोवर बारसंही उरकलं होतं. मी घेतलं की मुलगी रडायची, आजोबांकडे दिली की गप्प. “होईल सवय,” सासूबाई म्हणाल्या. सवय व्हायच्या आत रजा संपली.

वसंतात एके सकाळी मॅनेजर फोन नाचवत माझ्या टेबलापाशी आला. “तुझंच बरोबर होतं! नियम बदलला. बाद फेरीत आता दोन्ही संघांना चेंडू मिळणार!” त्याने माझा हात धरून जोरजोरात हलवला.

“मग जुन्या मॅचेस परत खेळवणार का?” मी विचारलं.

तो खदाखदा हसला आणि माझा हा विनोद सगळ्या केबिनला सांगत सुटला. मी मात्र मनापासून विचारलं होतं.