एकाच हाताच्या दोन बाह्या

गाठीपायी स्तनच काढला तेव्हा एक बाजू सपाट झाली. माझे ब्लाऊज मीच तसे बेतले, रडत बसले नाही. मग केमो. त्याआधी मला सगळं सांगितलं होतं: केस जातील, तोंड येईल, नखं काळी पडतील. डोकं चालेनासं होईल, हे मात्र एकानेही सांगितलं नाही. मेल्यांनो, तेवढं एक वाक्य बोलायला तोंडं शिवली होती काय?

मी ब्लाऊज शिवते. आमच्या आळीत माझ्याकडे शिवलं नाही अशी बाई सापडायची नाही. बाई दारात उभी राहिली की मला तिचं माप दिसायचं. मापाचा ब्लाऊज मी कधी मागितलाच नाही. आणि आता? खडू आणायला उठते नि फ्रीजपाशी जाऊन उभी राहते. कात्री हातात असते आणि तिचं नाव आठवत नाही. "ते... कापायचं" म्हणते, लहान पोरासारखी.

घाट चढून कोल्हापूरला गेलो तेव्हा डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, आज वार कोणता? मी सांगितला. "मग झालं तर! या वयात होतं थोडं. मन रमवा." या वयात म्हणे! चाळिशी नुकती उलटलीय माझी. आणि वार सांगता आला म्हणून बाही नीट बसते का हो? शेजारी बसून माझा नवरा मान डोलवत होता.

पुढच्याच आठवड्यात समोरच्या घरातली मैत्रीण काठाचं पीस घेऊन आली. "लेकीच्या साखरपुड्याला घालायचाय गो, नीट शिव." ही बाई म्हणजे गळा अर्धा इंच खाली गेला तर आळी डोक्यावर घेणारी. तिने विश्वास टाकला म्हणून मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

काठाच्या पिसाच्या बाह्या सुट्या कापाव्या लागतात. एक कापली की नमुना उलटा ठेवायचा, नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या होतात. शिकाऊ पोरी करतात ही चूक. मी खुणा केल्या, पुन्हा पुन्हा तपासल्या आणि दोन्ही उजव्या कापल्या! डावी लावायला घेतली तर पुढचा खोलगट भाग पाठीकडे. उलटून बघितली तर कापडाची फिक्की बाजू वर. जास्तीचं कापड नव्हतंच. रामआळीतली दुकानं पालथी घातली, तसला काठ मिळेना. "एवढं काय त्यात?" नवरा म्हणाला.

मैत्रीण आली तेव्हा मी दोन्ही बाह्या तिच्या पुढ्यात ठेवल्या. "चुकले मी. दोन्ही उजव्या झाल्या." आणि शिव्या खायला तयार होऊन बसले.

"असू दे गो," ती हळूच म्हणाली. त्या हळू आवाजाने माझं डोकंच फिरलं.

"असू दे काय? साखरपुड्याला काय घालणार तू?"

ती खाली बघायला लागली. "अगो, ते ओटीतलं पीस. शिवायचं नव्हतंच. तुझे मिस्टर म्हणाले, घरात पडलेलं काहीतरी दे, तिचं मन रमेल."

ओटीतलं पीस! या घरातून त्या घरात फिरणारं, कुणीच कधी न शिवणारं. एरवी मी ते डोळे मिटून, नुसतं चिमटीत धरून ओळखलं असतं. त्याच्यापायी मी गावभर वणवण केली होती.

"मला काय बालवाडीत घातलंय?" मी कोपऱ्यात बसलेल्या नवऱ्यावर ओरडले. "मणी आणायचे होते ओवायला!"

"तुझ्या भल्यासाठीच केलं."

"चुलीत गेलं ते भलं!"

मग मैत्रिणीकडे वळले. "साखरपुड्याचा खरा ब्लाऊज कुठे शिवायला टाकलास? आण माझ्याकडे. बिघडला तर आळीभर बोंबल माझ्या नावाने. पण आण."

मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ती, हो म्हणू की नको, हे विचारायला माझ्या नवऱ्याकडे बघत होती.