खंडेनवमीला थांबलेली दुरुस्ती

संगमनेरच्या पुढं प्रवरेकाठच्या काही गावांत आमच्या इंटरनेटच्या तारा गेल्यात. धंदा भागीदारीतला. भागीदार मूळचा केबलवाला; खांबावर चढणारा तो, मशीनपुढं बसणारा मी. ऑफिस त्याच्याच घराच्या पुढच्या खोलीत, आणि शेजारच्या खोलीत त्याच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, सरकारी कामाचं सेवा केंद्र. दाखले, आधार, उतारे, सगळ्या गावाची कागदं वहिनींच्या एका पासवर्डामागं. नवऱ्यालाही न दाखवलेली कागदं बाया त्यांच्यापाशी बिनघोर देऊन जात.

मी मुसलमान, पण खंडेनवमीला मशीनपुढं नारळ फोडायचा मान वहिनी दर वर्षी मलाच देत. त्या वर्षीही फोडला. झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढा सगळं झालं. पेढा तोंडात असतानाच मोबाईलवर ती बातमी वाचली.

आमच्याकडं एक नेमसर्व्हर होता. कुणी साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता शोधून द्यायचा, एवढंच त्याचं काम. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं होतं. बाहेरचा कुणीही त्याला खोटा पत्ता पढवू शकत होता, आणि एकदा पटला की हा तोच पत्ता घरोघर देत सुटणार. नाव खरं, दार भलत्याचं. दुरुस्त केलेली आवृत्ती आली होती. मशीन जरा वेळ बंद करून ती चढवायची, बस्स.

"आज न्हाई," भागीदार म्हणाला. "आज हत्याराला हात लावायचा नसतो. उद्या दसरा हाय, सकाळी कर की."

"अरे, चोर काय दसऱ्याची वाट बघत बसलाय?"

"भाऊ, एका दिसानं काय हुतंय?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरलाही माळ घालून केंद्र बंद ठेवलं होतं.

दुसरा कुणी असता तर भांडला असता. मी मशीनवरची माळ काढली असती, तर गोष्ट सॉफ्टवेअरची राहिली नसती. चडफडत घरी गेलो.

दसऱ्याला सकाळी मशीनपुढं बसलो. बंद करण्याआधी सहज म्हणून त्याला सेवा केंद्राच्या सरकारी साइटचा पत्ता विचारला. त्यानं लगेच दिला. चुकीचा. पुन्हा विचारला, पुन्हा तोच. नवी आवृत्ती चढवली, मशीन सुरू केलं, आता पत्ता बरोबर आला. समोरचा चहा निवायच्या आत काम झालं, याचाच जास्त संताप आला.

तसाच शेजारच्या खोलीत गेलो. "वहिनी, कालपासून साइट उघडली नाही ना?"

"कॉम्प्युटर न्हाई लावला. पन दुपारी मळ्यातली म्हातारी आली, नातीच्या दाखल्यासाठी. लई अडली हुती. मंग मोबाईलवरून बघितलं. मोबाईल काय हत्यार हाय व्हय?"

"आपल्याच वायफायवर?"

"व्हय."

"काही इशारा आला?"

"सुरक्षित न्हाई म्हनून आलं. ते तर सरकारी साइटला कायमच येतंय. पुढं जा दाबलं, पासवर्ड टाकला, तर पान कोरंच. म्हनलं, सुट्टी आसंल."

मी त्यांना पासवर्ड टाकून बघायला लावला. साइटनं त्यांना आत घेतलं नाही. काल भलत्याच्या दारात टाकलेला पासवर्ड कुणीतरी बदलून टाकला होता. फोनाफोनी करून खातं गोठवलं. पण आत कोण शिरलं, काय उचलून नेलं, हे कुणालाच सांगता येईना.

"नाव तर मी बरोबरच टाकलं हुतं," वहिनी पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. बरोबरच टाकलं होतं.

दुपारनंतर आपट्याची पानं घेऊन बाया येऊ लागल्या. भागीदार म्हणाला, सणाचं कशाला, उद्या सांग. वहिनींनी ऐकलं नाही. सोनं हातात घेऊन त्या उंबऱ्यातच प्रत्येकीला झालेलं सांगत होत्या. मळ्यातल्या म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंग आमची कागदं आता कुनापाशी हायेत?" तिनं विचारलं.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं.