मागणी नसलेला साबण

धुळ्यात पांझरेच्या पलीकडे, देवपुरात, माझा साबणाचा कारखाना होता. कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला. पत्र्याची एक शेड, दोन लोखंडी कढया, साबण ओतायचे लाकडी साचे आणि वड्या कापायला ताणलेली तार, एवढाच पसारा. आम्ही धुण्याचा पिवळा साबण करायचो. तरुणपणी मी जळगावला एका साबणवाल्याकडे कढईवर कामाला होतो. तिथं हात बसला आणि लग्नानंतर धुळ्याला येऊन स्वतःचं सुरू केलं. साबणात मोहाचं तेल घालायचो, ते साक्रीकडच्या डोंगरातल्या गावांतून यायचं. बाकीचं तेल शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून उधारीवर. त्यांचं घराणं काही पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. सगळे त्यांना शेठजी म्हणत.

साबण नीट शिजला की नाही हे ओळखायची आमची एक रीत होती. कढईतला थेंब गार करून जिभेच्या टोकाला लावायचा. चटका बसला तर कॉस्टिक सोडा अजून मोकळा आहे, आणखी शिजवायचं. माझ्या जिभेवर माझा भरवसा होता, आणि गिऱ्हाइकांचाही होता म्हणायला हरकत नाही.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून बराच लहान. वडील लवकर गेले. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी माय आणि तो, दोघंच राहायची. तो मॅट्रिक झाल्यावर मी त्याला धुळ्याला आणलं. कढईजवळ त्याला उभं राहवत नसे, वासानं डोकं धरायचं. पण बोलायला असा गोड की नरडाण्याच्या स्टेशनावर दोन मिनिटं गाडी थांबली तरी तेवढ्यात दोन ओळखी काढायचा. म्हणून विक्रीचं काम त्याच्याकडे दिलं. शिंदखेडा, नरडाणा, साक्री, मधली बाजाराची गावं, सगळीकडे तोच जायचा. मी कढई सोडून कुठं जात नसे. पुढं त्याचं लग्न लावून दिलं, जवळच खोली घेऊन दिली. रविवारी संध्याकाळी मात्र तो जेवायला आमच्याकडेच असे. जेवताना आठवडाभराचा बाजार सांगायचा. कोण काय म्हणालं, कुणाच्या दुकानात काय नवीन आलं. माझी बायको पोळी वाढता वाढता थांबून ऐकत राहायची, इतकं तो रंगवून सांगायचा.

एकोणसत्तर-सत्तरच्या सुमाराला तक्रारी यायला लागल्या. एका रविवारी तो म्हणाला की साक्रीच्या बायका म्हणतात, या साबणानं हात फाटतात. मला ते लागलं. मी कॉस्टिक कमी केलं. पुढं त्यानं सांगितलं की वडी बादलीत विरघळते, दोन धुण्यांत संपते. मी तेलाचं प्रमाण बदललं, भरीला शंखजिऱ्याची पूड वाढवली. मग फेस येत नाही म्हणून तक्रार. प्रत्येक तक्रारीबरोबर तो माणसाचं वर्णनही सांगायचा. शिंदखेड्याच्या एका दुकानदारानं वडी कशी त्याच्यासमोर टेबलावर आपटली, ती कशी फुटली, आणि सगळं दुकान कसं हसलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

साबण बदलत गेला तसा खरोखरच बिघडत गेला. धुळ्यातली जुनी गिऱ्हाइकंही कमी झाली. ती काही बोलली नाहीत, नुसती यायची थांबली. बाहेरगावची विक्री तर जवळजवळ संपली. शेठजींची उधारी चढत होती. कढईवरच्या दोघा माणसांतल्या एकाला मी घरी बसवलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिभेवरचा माझा विश्वास उडाला. थेंब जिभेला लावायचो आणि चटका बसला की नाही हेच कळायचं नाही.

नादारीचा, म्हणजे दिवाळं जाहीर करायचा, विषय भावानंच काढला. म्हणाला, दादा, हे ओढण्यात आता अर्थ नाही. कोर्टात अर्ज करा, मोकळे व्हा. त्यानं ओळखीचा वकीलही पाहून ठेवला होता. मी वकिलांकडे गेलो. माणूस सरळ होता, त्यानं काही लपवलं नाही. कारखाना माझ्या एकट्याच्या नावावर होता, त्यामुळं अर्जही माझा एकट्याचा. शेड, कढया, जे काही आहे ते कोर्टाच्या ताब्यात जाईल, विकून येईल ते ज्यांचं देणं आहे त्यांच्यात वाटलं जाईल, आणि उरलेल्या देण्यातून कोर्ट मला सोडवेल. नाव मात्र वर्तमानपत्रात छापून येईल. त्यांनी अर्ज तयार करून वाचून दाखवला. मालाला बाजारात मागणी न राहिल्यामुळे धंदा बुडाला, असं त्यात एक वाक्य होतं. ते ऐकताना मी मान खाली घातली, पण हरकत घेतली नाही. मला तेव्हा ते खरंच वाटत होतं.

बायको सही करा म्हणत होती. तिचं म्हणणं साधं होतं. अब्रू जायची ती जाईल, पण माणूस रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसतो ते तरी थांबेल. मी तिला म्हणालो, आठवडाभर दे. साक्रीला आमचा साबण सगळ्यात आधी ज्यांनी दुकानात ठेवला, त्या म्हाताऱ्या दुकानदाराला, आबांना, तोंडानं सांगून येतो आणि मग सही करतो. कारखाना बंद झाल्याचं त्यांना वर्तमानपत्रातून कळू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

बाजाराचा दिवस होता. एसटीतून उतरून मी त्यांच्या दुकानाशी गेलो तर गिऱ्हाइकांची गर्दी. आबांनी मला लगेच ओळखलं नाही. मी बाजूला उभा राहिलो. एका बाईनं साबण मागितला आणि त्यांनी मागच्या फळीवरून हिरव्या कागदातली वडी काढून दिली. असा कागद मी कधी वापरला नव्हता. बाईनं तिथंच कागद उकलून वडीचा वास घेतला, आणि तो वास माझ्यापर्यंत आला. मोहाच्या तेलाचा, जरासा कडवट. मी आबांना म्हटलं, एक मलाही द्या. वडीचा कोपरा नखानं काढून जिभेला लावला. चटका नव्हता. माझाच साबण होता तो. मी बदलायला लागलो त्याच्या आधीचा.

आबांनी तेवढ्यात मला ओळखलं. बसायला पोतं पुढं केलं आणि हळहळून म्हणाले, "कारखाना बंद पडना म्हणे तुमना. वाईट झायं."

मी विचारलं, कोण म्हणालं.

"तुमना भाऊनीच सांगं. हाऊ साबण तोच तर दी जास. जळगावले त्याना कारखाना शे ना आते."

भावाचा कारखाना, तोही जळगावला. मी त्यांना विचारलं, आमचा साबण वापरून कुणाचे हात फाटल्याची तक्रार आली होती का. ते छे म्हणाले. असं कधी कुणी बोललं नव्हतं. उलट माझा माल यायचा थांबला तेव्हा बायका दोन बाजार विचारत होत्या, मग हिरव्या कागदातला आला आणि विचारणं बंद झालं. त्यांनी चहा मागवला. तो मी प्यालो की नाही, मला आठवत नाही. वडीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

परतीच्या एसटीत मी हिशेब लावायचा प्रयत्न करत होतो, पैशांचा नव्हे, रविवारांचा. आपटलेली वडी, हसलेलं दुकान. त्या गोष्टी त्यानं कधी जुळवल्या असतील? गाडीत येता येता? की माझ्या ताटासमोर बसल्यावर, माझ्या बायकोनं वाढलेलं खाता खाता त्याला सुचत गेल्या असतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कारखान्यात आला, सहीचं विचारायला. मी हिरवा कागद साच्यावर ठेवला. त्यानं तो पाहिला आणि खाली बसला. नाकबूल केलं नाही. त्याची बाजू त्यानं सांगितली, ती अशी की इतकी वर्षं उन्हातान्हात खोकी त्यानं वाहिली, दुकानं त्यानं जोडली, आणि कारखान्यावर नाव माझं एकट्याचं. त्यालाही संसार होता.

मी म्हणालो, "मागायचं होतंस. दिला असता वाटा."

"ते मला कधी कळलंच नाही, दादा," तो म्हणाला.

हे एकवेळ मी समजून घेतलं असतं. वेगळा निघाला असता, माझी कृती उचलून माझ्यासमोर दुकान थाटलं असतं, तरी भावाभावांत असं होतं म्हणून गप्प बसलो असतो. मी त्याला दुसरंच विचारलं. हात फाटतात म्हणालास, वडी आपटली म्हणालास, ते कशासाठी?

त्यानं कढईकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही तुमचा साबण सोडल्याशिवाय तो माझा झाला नसता."

एवढं बोलून तो गेला. मी अडवलं नाही.

चार दिवसांनी माय गावाहून आली. मी पोलिसांत किंवा कोर्टात जाईन या भीतीनं तिला भावानंच पाठवलं होतं. तिच्या बोलण्यातून कळलं की पगारी कारागीर ठेवून जळगावची कढई पेटवली तेव्हा त्यानं नारळ तिच्या हातून फोडून घेतला होता. तिला सगळं ठाऊक होतं. दादाला सध्या सांगू नको, त्याचं मन दुखेल, असं त्यानं तिला सांगितलं होतं आणि तिनं ते पाळलं. त्या काळात ती दोनदा माझ्याकडे राहून गेली होती. माझा बिघडलेला साबण घेऊन माझ्याच मोरीवर तिनं कपडे धुतले होते. सांगता सांगता ती रडायला लागली.

"तू मना शे, तोबी मनाच शे," ती म्हणाली. "मी काय करू?"

मी कोर्टात गेलो नाही. ते काही तिच्यासाठी नव्हे. काय सांगणार होतो तिथं जाऊन? भाऊ जेवताना खोटं बोलला, हा कुठल्या कायद्याखाली गुन्हा होतो?

राहिला नादारीचा अर्ज. तो वकिलांकडे तसाच पडून होता. बायकोचं मत बदललं नव्हतं, उलट पक्कं झालं होतं. ती म्हणाली, आता तर आधी सही करा. ज्यांनी बुडवलं ते मजेत आहेत, तुम्ही कुणासाठी फेडत बसणार? मी तिला ते वाक्य सांगितलं, मालाला मागणी न राहिल्यामुळे. मागणी होती. साक्रीच्या बाजारात मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. त्या वाक्याखाली सही केली असती तर भावाचं शेवटचं खोटं माझ्या हातानं पुरं झालं असतं. ती म्हणाली, वाक्यच खटकतं तर वकिलांना बदलायला सांगा. तिचं बरोबर होतं, वाक्य बदलता आलं असतं. पण मला नाही जमलं. तिनं पुढं वाद घातला नाही, फक्त म्हणाली, मग मीही शिवणाचं मशीन लावते. आणि लावलं.

मी शेठजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी सहानुभूतीचा शब्द काढला नाही. जुनं देणं हळूहळू द्या, नवीन तेल रोखीनं न्या, एवढंच म्हणाले. मला तेच बरं वाटलं. एक कढई विकली. दुसरीत जुन्या मापानं साबण करायला लागलो. बाहेरगावची दुकानं माझी राहिली नव्हती, तिथं मी बंद पडलेला माणूस होतो. म्हणून सायकलला खोकी बांधून धुळ्यातल्याच गल्ल्यांतून फिरलो. दारात उभं राहून सांगायचो, आधीचा वाईट होता, हा वापरून बघा. पुष्कळ जणींनी दार लावून घेतलं. काहींनी घेतला. पुढं दुष्काळाची वर्षं आली, तेलाचे भाव भडकले, तीही कशीबशी काढली. धंदा परत मोठा असा कधीच झाला नाही. बायकोचं मशीन नसतं तर तोही चालला नसता, हे मी तेव्हाही जाणून होतो. सही न करणं शहाणपणाचं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. रविवारी संध्याकाळी मात्र आमच्याकडे पाहुणा ठेवायचा नाही, असा नियमच होऊन गेला. तो कुणी ठरवला नव्हता.

शेठजींचं देणं पुरं झालं तो दिवस आणीबाणीच्या काळातला. त्यांनी पैसे मोजून पेटीत ठेवले आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा भाऊही वर्षभरापासून माझ्याकडूनच तेल नेतो. रोखीनं. व्यवहाराला चोख आहे."

मी म्हणालो, हो, चांगलं आहे.

त्यांनी हे न लपवता मला समोर बसवून सांगितलं याचं मला बरं वाटलं, असं मी घरी आल्यावर बायकोला म्हणालो. तिनं शिवता शिवता मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि मशीन पुन्हा चालू केलं.