बंद नळाखालची ओल

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरलो; हे एक मात्र मनातून जात नाही. राज्यांची नवी रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचा सौंसरकडचा भाग मध्य प्रदेशात राहिला, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यातलं हे. सौंसरहून बसने तासाभरावरच्या एका गावी मी ठाणेदार होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही.

सकाळची हजेरी चालू होती. वरच्या पेठेतले एक व्यापारी धापा टाकत ठाण्यात आले.

"साहेब, चावीवाल्याले मारून टाकलं! खालच्या मोहल्ल्याचंच काम आहे."

चावीवाला म्हणजे गावाच्या टाकीतून नळांना पाणी सोडणारा नगरपालिकेचा, लोकांच्या भाषेत कमिटीचा, नोकर. टाकीखाली तो पालथा पडला होता. डोक्यामागे एकच घाव. पाणी सोडायची त्याची लांब लोखंडी चावी जागेवर नव्हती.

संशयाला कारण होतं. खालच्या मोहल्ल्यातला सार्वजनिक नळ नगरपालिकेने महिन्यापूर्वी बंद केला होता. का, ते अध्यक्षांना विचारलं. ते निवृत्त मास्तर होते.

"घरपट्टी कायद्याच्या हद्दीपर्यंत नेली. पाणीपट्टी वाढवायला सरकारची मंजुरी लागते. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली; नागपूरवाले म्हणतात फाइल भोपाळला पाठवली, भोपाळवाले म्हणतात आलीच नाही. विहिरीतून टाकीत पाणी चढवणाऱ्या इंजिनाला तेल पुरत नाही. झाडूवाले कमी करू, दिवे विझवू, की नळ बंद करू? घरी नळ घेतलेल्यांचं पाणी तोडता येत नाही, ते पट्टी भरतात."

मग राहिला फुकटचा नळ. मोहल्ल्यातले लोक नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी पिऊ लागले. हगवण लागून एक लहान मुलगी गेली. तिच्या बापाने नळ बंद झाला त्या दिवशी चावीवाल्याला भर चौकात धमकी दिली होती. मी त्याला उचलून आणलं.

तो एवढंच म्हणायचा, "मी नाई मारलं जी." पुढे तोंड उघडेना. त्या काळची आमची चौकशी कशी असे, ते लपवून काय उपयोग? जमादाराने पट्टा काढला, मी थांबवलं नाही. पुढे मीही हात उचलला. तो ओरडला, पण बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी जबान्या घ्यायला मोहल्ल्यात गेलो. बायांनी दारं लोटून घेतली. सावलीसाठी नळाच्या ओट्याशी उभा राहिलो, तेव्हा बुटाखाली चिखल लागला. महिनाभर बंद असलेल्या नळाखाली, वैशाखात, ओल! दगडावर हिरवं शेवाळही होतं.

शेजारच्या म्हातारीला विचारलं. ती रडायलाच लागली.

"त्या पोरीची माती झाली, तवापासून चावीवाला रोज पहाटं नळ खोलून देत होता. आमाले शपथ घातली होती, कोनाले सांगू नका म्हने, नोकरी जाईन. आता सांगितलं, तं त्याच्या बायकोले कमिटी काही देईन का साहेब?"

म्हणजे मोहल्ल्याला त्याला मारण्याचं कारणच नव्हतं. पहाटे टाकी रिकामी होत होती, तर ती पुन्हा भरायला तेल जास्त जळत असणार. हा विचार येताच मी थेट इंजिनवाल्याकडे गेलो. तो चावीवाल्याचा सख्खा साडू. दोघांच्या बायका बहिणी. तेल चोरून विकतो म्हणून नगरपालिकेने त्याला काढण्याची नोटीस दिली होती.

मी म्हणालो, "तू तेल विकलं नाहीस, हे मला माहीत आहे."

तो म्हणाला, "हेच कोनी म्हनत नव्हतं साहेब. टाकी रिकामी का होऊन राहिली, ते मले त्या पहाटेच दिसलं. म्हनलं, जाऊन खरं सांग, माझे लेकरं उपाशी मरतीन. तो म्हने, सांगितलं तं नळ बंद होईन. मी चावी हिसकली... एकच मारली जी."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण चावी कुठे टाकली ते त्याने दाखवलं आणि पंचांसमक्ष ती इंजिनाच्या विहिरीतून निघाली. त्याला जन्मठेप झाली. एक बहीण विधवा, दुसरीचा नवरा तुरुंगात. पाणीपट्टीची मंजुरी पावसाळा संपल्यावर आली.

या प्रकरणानंतर, कुणी अख्ख्या मोहल्ल्याकडे बोट दाखवलं, की जागा स्वतः पाहिल्याशिवाय मी कुणाला ठाण्यात आणलं नाही. हे शहाणपण मला त्या मुलीच्या बापाच्या अंगावरच्या वळांमधून मिळालं. त्याला सोडताना मी म्हणालो, "माझी चूक झाली."

सुजलेल्या हातांनी त्याला सदऱ्याची गुंडी लावता येईना. ती तशीच सोडून तो म्हणाला, "ते जाऊ द्या साहेब. उद्या पहाटं नळ कोन खोलन?"